शैलाताईने परत नेलेले शिंपले

शैलाताई गेली त्याच्या आदल्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले होते. ऑकलंडमधल्या हिल्सबरोच्या उतारावरचं त्यांचं घर. पुढच्या खोलीतला सोफा हलवून तिथे हॉस्पिटलसारखा वरखाली होणारा पलंग लावला होता, आणि पडल्यापडल्या तिला खिडकीतून खाडी दिसत होती. ओहोटीची वेळ होती. नुसता चिखल आणि त्यात चोची खुपसत चालणारे पक्षी. मी इथल्या एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. उशाशी ठेवलेल्या बाटल्यांवरची नावं सवयीनं वाचली गेली आणि आता फार दिवस उरलेले नाहीत हे मला कळलं. तिला ते माझ्या आधीच कळलेलं होतं. बराच वेळ आम्ही पक्ष्यांविषयी बोललो, मग ती एकदम म्हणाली, "स्मिता, मी गेल्यावर मराठी मंडळाचे लोक सभा घेणारच. तुला बोलायला लावतील. बोल तू. पण ते शिंपल्यांचं सांग." मी म्हटलं, "आत्ता कशाला तो विषय, शैलाताई..." तर ती छताकडे बघत म्हणाली, "लोक नुसतं चांगलं चांगलं बोलतात गं. मेल्यावर माणसाला कुणी धड लाजूसुद्धा देत नाही."

सभेत ते सांगणं झालं नाही. त्या दिवशी सकाळी तिच्या नवऱ्यानं, अविनाशदादांनी, हॉलच्या पायरीवर मला गाठलं आणि हात जोडून म्हणाले, "आज नको."  पण त्यानंतर काही आठवड्यांनी त्यांचाच फोन आला. "तू लिही," म्हणाले. "सगळं लिही. मी त्या वेळी काय बोललो होतो तेही लिही, गाळू नकोस." म्हणून हे लिहिते आहे.

शैलाताई मूळची कऱ्हाडची, दातांची डॉक्टर. तिथे तिचा बाजारपेठेत माडीवर दवाखाना होता, आणि लहान मुलांचे दात दुखवू न देता काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, असं अविनाशदादा अभिमानानं सांगत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ही मंडळी ऑकलंडला आली. अविनाशदादांना कॉम्प्युटरमधली नोकरी लगेच लागली. तिच्या पदवीला मात्र इथली परीक्षा आड आली. पहिल्या वेळी ती थोडक्या गुणांनी नापास झाली, दुसऱ्यांदा तिनं फॉर्मच भरला नाही. माउंट वेलिंग्टनला कवळ्या आणि दात बनवणारी एक प्रयोगशाळा होती, तिथे ती कामाला लागली. "दात करायचे, पण ते कुणाच्या तोंडात जाणार ते तोंड काही बघायचं नाही," असं ती म्हणायची. हसतच म्हणायची, पण कुणी नवीन ओळखीचं "तुम्ही काय करता?" असं विचारू लागलं की ती पटकन त्याच्या बशीत आणखी काहीतरी वाढायची, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते बसस्टॉपवर. गळ्यात काळ्या दोऱ्यात एक काचेसारखा चौकोन होता आणि त्या काचेत, पाण्यात बुडी मारून थांबल्यासारखा, इरकली लुगड्याच्या काठाचा एक तुकडा. त्याचे सुटे झालेले लाल धागेसुद्धा जिथल्या तिथे तरंगत होते. माझ्या तोंडून मराठीच निघालं, "कुठून घेतलंत हो?" ती म्हणाली, "घेतलं नाही, केलंय. चला की घरी, दाखवते." आणि मी अनोळखी बाईच्या मागे तिच्या घरी गेले. गॅरेजमध्ये गाडी नव्हतीच. एक लांब टेबल, त्यावर साचे, कानस, कागदी पेले, चिमटे. रेझिन म्हणजे दोन बाटल्यांतले दोन द्रव, ते प्रमाणात मिसळायचे, बुडबुडे न होऊ देता साच्यात ओतायचे, की दुसऱ्या दिवशी ते घट्ट, नितळ होऊन बसतात. आत जे ठेवलं असेल ते तसंच राहतं. दातांच्या कामात तिला याच जातीच्या पदार्थांची सवय होती. तिनं त्यात काय काय ठेवलं होतं! पोहुतुकावाच्या फुलांचे लाल केसर, झाडाच्या सालीवरचं राखाडी शेवाळ, हळकुंडाची चकती, बंद पडलेल्या घड्याळाची चाकं, पापलेटचे खवले. लेकीचा, ऋचाचा, पहिला पडलेला दुधाचा दात तिनं स्वतःच्या अंगठीत बसवला होता. दोन वस्तू एकसारख्या नव्हत्या. एक कर्णफूल दुसऱ्यासारखं नसायचं, मग ती जोडी कशी म्हणायची, असं मी विचारलं तर म्हणाली, "आपला डावा कान उजव्यासारखा असतो का? आरशात बघ एकदा."

हळूहळू तिचं नाव होऊ लागलं. रविवारच्या बाजारात ती एक टेबल मांडायची. बायका थांबायच्या, हातात घ्यायच्या, उजेडात धरायच्या. "हे दागिने नव्हेत, ही कला आहे, फक्त ती अंगावर घालायची," असं एका बाईंनी सांगितलं. त्या बाई शहरातल्या एका चांगल्या गॅलरीवजा दुकानाच्या मालकीण होत्या. त्यांनी तिला दर्शनी काचेत मांडण्यासाठी माळांची एक मालिका करायला सांगितली. विषय एकच हवा, आणि तो इथल्या मातीतला हवा, एवढीच अट. त्या दिवशी शैलाताईनं मला दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा तिला सांगायचं काहीच नव्हतं. नुसती हसत होती.

त्याच सुमारास मंडळाची सहल निघाली. उत्तरेला, गाडीनं दोन-अडीच तासांवरचा एक छोटा किनारा. बटाटेवड्यांचे डबे, पोरांचे टॉग्ज म्हणजे पोहायचे कपडे, वाळूत हरवणाऱ्या रबरी चपला, सगळा नेहमीचा गोंधळ. मी खाली पाण्याशी पोरांवर लक्ष ठेवून होते. शैलाताई चिवड्याचा रिकामा डबा घेऊन एकटीच शेजारच्या टेकाडावर चढली. तासाभरानं उतरली तेव्हा डबा पांढऱ्या शिंपल्यांनी भरलेला होता, वर कोवाईच्या झाडाची पिवळी फुलं. शिंपले ऊनपावसानं झिजून खडूसारखे झालेले, कडा गोल, मऊ. "वर झाडाखाली नुसता सडा पडलाय गं," ती म्हणाली. "कुणीतरी अंथरून ठेवल्यासारखा." ते वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं. त्यात काय होतं हे त्या वेळी माझ्या कानाला कळलं नाही.

त्या शिंपल्यांच्या तिनं डझनभर माळा केल्या असतील. तशा सुंदर वस्तू मी नंतर पाहिल्या नाहीत. रेझिनला तिनं समुद्राचा अगदी पुसट हिरवा रंग दिला होता, आणि त्यात एकेक पांढरा शिंपला, शेजारी कोवाईची एक पाकळी. दुकानात काचेसमोर लोक थांबत होते. बऱ्याचशा माळा पहिल्या महिन्यातच गेल्या. मंडळानं दिवाळीच्या कार्यक्रमात तिचा सत्कार ठरवला. एक माळ तिनं माझ्या वाढदिवसाला माझ्या गळ्यात घातली, आणि मी ती दुसऱ्याच दिवशी कामावर घालून गेले.

आमच्या वॉर्डात हिने नावाची सिनियर नर्स होती, माओरी, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांतली, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. सकाळी तिच्या "कीआ ओरा" या नमस्काराशिवाय माझा दिवस सुरू होत नसे. तिनं माळ हातात घेतली, उलटसुलट केली, फार कौतुक केलं. मग विचारलं, हे शिंपले कुठले? मी हौसेनं सगळं सांगितलं. तो किनारा, ते टेकाड, ते झाड, झाडाखालचा सडा. ती ऐकता ऐकता थांबली. माळ तिनं माझ्या छातीवर परत ठेवली, अगदी हलकेच, जसं गरम भांडं ठेवावं. "तिथे कुंपण होतं का?" तिनं विचारलं. मला माहीत नव्हतं. "तुझ्या मैत्रिणीनं खाली आल्यावर हात धुतले का?" मला काही समजेना. तेव्हा ती म्हणाली, "ते उरुपा आहे, स्मिता. त्या टेकाडावर माझ्या आईच्या नात्यातली माणसं पुरलेली आहेत. आम्ही थडग्यांवर पांढरे शिंपले अंथरतो." आणि कुणीतरी बेल वाजवली म्हणून ती पेशंटकडे निघून गेली. मी औषधांच्या खोलीत जाऊन माळ काढली. ती पर्समध्ये ठेवावी की नाही हेही मला कळेना. शेवटी स्वच्छ रुमालात गुंडाळून हातातच धरून घरी नेली.

संध्याकाळी मी हिल्सबरोला गेले. शैलाताई गॅरेजमध्ये पॉलिश करत होती, अविनाशदादा दारात चहा घेऊन उभे होते, ऋचा पायरीवर गृहपाठ करत बसली होती. मी सांगितलं. शैलाताईनं हातातली वस्तू खाली ठेवली आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर उठून नळाखाली हात धरले. खूप वेळ धरले. मग म्हणाली, "स्मशानातनं आपण काही घरी आणतो का गं? आपण तर चपला बाहेर काढून आंघोळीला पळतो..." ऋचा म्हणाली, "आई, इट्स ओके, यू डिडन्ट नो." अविनाशदादांनी कप खाली ठेवला. "हे बघ, झालं ते झालं," ते म्हणाले. "आता विकल्या त्या विकल्या. शिंपल्यांवर काही कुणाचं नाव नाही. कोण कुणाला सांगणार आहे? कुणाला कळणार आहे?" हेच ते वाक्य, जे त्यांनी मला गाळू नको म्हणून सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. परक्या देशात बायकोनं एवढ्या वर्षांनी काहीतरी मिळवलं होतं, ते हातातून जाताना दिसत होतं, म्हणून ते बोलले. शैलाताई त्यांच्याकडे वळून एवढंच म्हणाली, "मला कळलंय की, अवि."

दुसऱ्या दिवशीपासून ती माळा परत मिळवायच्या मागे लागली. दुकानाच्या मालकीणबाई आधी समजुतीनं बोलल्या, मग वैतागल्या, मग त्यांनी काचेतलं सगळंच काढून ठेवलं आणि पुन्हा तिला काही करायला सांगितलं नाही. मात्र ज्यांनी माळा नेल्या होत्या त्या गिऱ्हाइकांना त्यांनी स्वतः फोन केले, एवढं त्यांचं मानलं पाहिजे. मग शैलाताई घरोघर गेली. गाडी मी चालवायची, मागे ऋचा असायची, कारण तिला घरी एकटं सोडायचं नव्हतं. प्रत्येक दारात शैलाताई तेच सांगे. मला वाटे, ती "चूक झाली" म्हणेल, "गैरसमज झाला" म्हणेल. ती सरळ म्हणायची, "मी हे कबरीवरून चोरलं आहे. कृपा करून परत द्या." आणि बदल्यात स्वतःची दुसरी एखादी वस्तू पुढे करायची. पहिल्या घरी तो शब्द ऐकून ऋचा मागच्या सीटवर इतकी खाली सरकली की खिडकीतून तिचे केससुद्धा दिसेनात. नंतर घरी जाताना म्हणाली, "आई, डू यू हॅव टू से 'स्टोल'?" 

बहुतेकांनी माळा दिल्या. एका आजींनी तर ऐकताक्षणी गळ्यातून काढून दिली आणि बदली वस्तू घेतली नाही. बॉटनी डाउन्सला मंडळातल्याच एक बाई होत्या, त्यांनी आम्हाला आत बसवलं, चकली दिली, आणि म्हणाल्या, "अहो, इतकं काय मनाला लावून घेता? शिंपलाच तर आहे. आणि असं दारोदार सांगत फिरलात तर नाव आपल्या सगळ्यांचंच खराब होतं, याचा विचार करा." शैलाताई मान खाली घालून ऐकत राहिली. चकली तिनं हातात तशीच धरली होती. शेवटी म्हणाली, "विचार केला. म्हणूनच आले." माळ मिळाली, पण दिवाळीत सत्काराचा विषय पुन्हा कुणी काढला नाही, ती त्या वर्षी कार्यक्रमालाच आली नाही. एक माळ मात्र मिळालीच नाही. कुणी प्रवासी बाई ती घेऊन देशाबाहेर निघून गेल्या होत्या, नाव नाही, पत्ता नाही. त्या माळेतला शिंपला कसा होता हे शैलाताईला पाठ होतं. एका कडेला छोटीशी खाच होती, म्हणायची.

परत आलेल्या माळांचं करायचं काय, हा पुढचा प्रश्न. रेझिन वितळत नाही. शिंपला बाहेर काढायचा तर भोवतालचं कोरून काढावं लागणार. तिनं कऱ्हाडहून आणलेला, इतकी वर्षं कपाटात गुंडाळून ठेवलेला दात कोरायचा हँडपीस बाहेर काढला. मी समोर बसले होते. तोंडाला मास्क, डोळ्यांवर चष्मा, आणि हात एकदम वेगळे, शांत, डॉक्टरचे. किडलेला भाग काढावा तशी ती एकेक कण काढत होती. पहिला शिंपला अख्खा सुटला. दुसऱ्याच्या वेळी बारीक टक् असा आवाज झाला आणि त्याचे दोन तुकडे झाले. तिनं यंत्र बंद केलं. तुकडे तळहातावर घेऊन ती इतकी रडली की अविनाशदादा आतून धावत आले, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. मी हिनेला फोन केला. हिनेनं गावी तिच्या मावशीला, रिपेका आंटींना, विचारलं. निरोप आला तो असा: आता आणखी काही फोडू नका. आहे तसं घेऊन या.

आम्ही पाचजण गेलो. शैलाताई, अविनाशदादा, ऋचा, मी आणि हिने. चिवड्याचा तो डबा शैलाताईला नको होता. तिनं आपल्या लग्नातल्या शालूचा पदर कापून त्यात सगळं बांधलं होतं. टेकाडाखाली रिपेका आंटी उभ्या होत्या, सत्तरीच्या, ठेंगण्या, काळा स्कर्ट, पुरुषी स्वेटर, आणि शेजारी त्यांच्या चर्चमधले एक वयस्कर गृहस्थ. आंटी हसल्या नाहीत. हिनेनं ओळख करून दिली तेव्हा शैलाताईकडे बघून म्हणाल्या, "तू डॉक्टर आहेस म्हणे."

"होते," शैलाताई म्हणाली.

"मग तुमच्याकडे मेलेल्या माणसांचं काय करतात ते तुला ठाऊक असेल."

शैलाताईनं मान हलवली. आंटी वाट चढू लागल्या, आम्ही मागे. वरती एक मोडकळीला आलेलं लाकडी कुंपण होतं, बऱ्याच ठिकाणी आडवं झालेलं, गवतात बुडालेलं. कोवाईचं झाड होतं. पलीकडे झुडपांच्या आड थोडे दगड, कलंडलेले. आंटी मोडक्या फाटकाशी थांबल्या आणि हात आडवा धरून त्यांनी आम्हाला थांबवलं. "तू आलीस त्या दिवशी तुला हे दगड दिसले नाहीत?" त्यांनी विचारलं. ऋचानं चटकन उत्तर दिलं, "शी डिडन्ट नो. ऑनेस्टली, शी डिडन्ट नो." आंटींनी पोरीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या शैलाताईकडे बघत होत्या. वारा इतका होता की शालूच्या गाठोड्याचं टोक फडफडत होतं.

"एक दिसला होता," शैलाताई म्हणाली.

आम्ही सगळे तिच्याकडे बघू लागलो. अविनाशदादांना हे ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. ती हळू इंग्रजीत बोलत होती, शब्द जुळवत. "एक दगड दिसला होता. त्यावर काहीतरी कोरलेलं होतं. मी जवळ गेले नाही. वाचलं असतं तर शिंपले सोडून खाली जावं लागलं असतं. आणि ते मला हवे होते." मग ती थांबली, आणि मराठीत, बहुधा आम्हाला उद्देशून, म्हणाली, "माहीत नव्हतं असं सगळे म्हणत होते, मी म्हणू दिलं."

ऋचाचा चेहरा मला दिसत होता. चौदा वर्षांची पोर. दारोदार फिरताना गाडीत आईची लाज वाटून खाली सरकणारी ती आता हलली नाही. आईपासून दूरही झाली नाही.  मग रिपेका आंटींनी आडवा हात खाली घेतला आणि फाटक उघडलं.

त्या गृहस्थांनी त्यांच्या भाषेत प्रार्थना म्हटली. शैलाताईनं गुडघ्यावर बसून गाठोडं सोडलं. डब्यात उरलेले शिंपले, कोरून मोकळा झालेला एक आणि फुटलेल्याचे तुकडे झाडाखाली ठेवले. रेझिनमधल्या माळांसाठी आंटींनी एका कडेला छोटा खड्डा करून ठेवला होता, त्यात त्या पुरल्या. मग शैलाताईनं मिळू न शकलेल्या माळेचं सांगितलं. "म्हणजे एक अजून बाकी आहे," आंटी म्हणाल्या. क्षमा केली असं त्यांनी त्या दिवशी म्हटलं नाही, आणि शैलाताईनं मागितलीही नाही. बाहेर पडताना फाटकाशी ठेवलेल्या पाण्याच्या बादलीत सगळ्यांनी हात धुतले आणि खाली आंटींच्या घरी जाऊन चहा आणि ब्रेड घेतला. खाल्ल्याशिवाय जायचं नसतं, हिनेनं सांगितलं.  शैलाताईनं ब्रेडचा घास चहाबरोबर लोटला.

त्यानंतर दर वर्षी उन्हाळा सुरू झाला की ती तिकडे जायची. पहिल्या वर्षी तिनं हिनेकडून विचारून घेतलं, कुंपण नीट केलं तर चालेल का. अविनाशदादा खांब रोवायचे, ती पांढरा रंग द्यायची. मी दोन-तीनदा बरोबर होते. आंटी पहिल्या वर्षी घरातून बाहेर आल्या नाहीत, दुसऱ्या वर्षी खुर्ची टाकून बसल्या, तिसऱ्या वर्षी "ते टोक राहिलं" म्हणून काठीनं दाखवू लागल्या. दागिने ती पुढेही करत होती, पण दुकानात कधी ठेवले नाहीत. एखादं पान उचललं तरी आजूबाजूला बघायची, कुणी असेल तर विचारायची. कुणी नसेल तर पुष्कळदा तसंच ठेवून द्यायची. एकदा मी म्हटलं, "शैलाताई, आता पुरे की. किती वर्षं लाजणार आहेस?" ती म्हणाली, "लाज गेली तर माझं भान जाईल गं. असू दे. मला ती जड नाही होत." पण जड होत होती. माझ्या गळ्यात तिची जुनी एखादी माळ दिसली तरी तिची नजर आधी आत काय आहे तिकडे जायची.

मागच्या वर्षी आंटींचा नवरा गेला. शैलाताई रंगाचा डबा घेऊन गेली तेव्हा आंटींनी तिच्या हातात गडद निळ्या लोकरीचा एक गुंता ठेवला. नवरा मासेमारीला जाताना जो स्वेटर घालायचा, त्याच्या बाहीची उसवलेली लोकर. "तू ते करतेस ना, काचेतलं," आंटी म्हणाल्या. "मला यातलं एक करून दे. छातीवर लावायला." शैलाताईनं हात मागे घेतला. तुमच्याकडून मी काही घेऊ शकत नाही, असं काहीसं ती पुटपुटली. आंटी म्हणाल्या, "तू घेत नाहीयेस. मी देतेय. फरक कळतो ना तुला आता?" घरी येईपर्यंत तिनं ती लोकर मांडीवर दोन्ही हातांत धरली होती. त्या कामाची तिनं जेवढी धास्ती घेतली तेवढी परीक्षेचीसुद्धा घेतली नसेल. ऋचाच्या जुन्या टोपीची लोकर काढून कितीतरी नमुने केले, टाकून दिले. शेवटी मनासारखा साचा झाला. खालचा थर ओतला, त्यावर लोकर ठेवली... आणि त्याच आठवड्यात पोटदुखीचं निमित्त होऊन ती डॉक्टरकडे गेली. पुढचं सगळं फार भराभर झालं. वरचा थर ओतायचा राहिला. हात थरथरत होते तेव्हा तिनं त्याला हात लावला नाही. माझ्याकडूनही करून घेतलं नाही. "अर्धं काम तिच्यापुढे नेऊ नका रे," एवढं मात्र अविनाशदादांना म्हणाली होती.

ते तसंच टेबलावर ठेवणं आम्हाला जमलं नाही. गेल्या शनिवारी ऋचा आणि मी ते घेऊन गेलो. ऋचा आता युनिव्हर्सिटीत आहे. गाडी तिनं चालवली. आंटी व्हरांड्यात बसल्या होत्या. हिनेकडून बातमी त्यांना कळलेली होती. मी कापसात गुंडाळलेला तो ब्रोच पुढे केला आणि ऋचा घाईघाईनं माफी मागू लागली, की हे पुरं झालेलं नाही, वर आणखी एक थर असायला हवा होता, आईला हे असं आणलेलं मुळीच आवडलं नसतं. मला वर बघवेना. आंटींनी तो तळहातावर घेतला. निळी लोकर खालून रेझिननं धरून ठेवलेली, वरून उघडी. त्यांनी अंगठा त्यावरून फिरवला. पुन्हा फिरवला.

"थर घातला असता, तर याला हात लागला असता का?" त्या म्हणाल्या.

मग त्यांनी तो स्वेटरवर लावायला ऋचाकडे दिला, कारण त्यांची बोटं आता वळत नाहीत. ऋचा वाकून पिन लावत असताना आंटींनी विचारलं, "तुझ्या आईला मी इतकी वर्षं शीला म्हणत आले. बरोबर होतं ना ते?"

ऋचानं पिन बंद केली. "शैला," ती म्हणाली. "नॉट शीला. शैला."

"तिनं कधीच सांगितलं नाही."

"तुम्हाला चूक म्हणायची तिला लाज वाटायची."

आंटींचा हात छातीवरच्या लोकरीकडे गेला. त्यांनी ते नाव तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं, चुकलं, पुन्हा म्हटलं, आणि ऋचाकडे बघत राहिल्या, आता बरोबर झालं का ते विचारायला.